आगाखान पॅलेस नीट कसा बघायचा? आईला आणि लेकाला घेऊन जायचंय

पौडरोडवाली

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ असेल त्यांनी नक्की सांगा.

माझी आई सोलापूरहून महिनाभर राहायला आलीये. वय 74, गुडघे दुखतात पण हळूहळू चालते. लेक सहावीत आहे. आईने आल्या आल्या सांगितलं की बाकी कुठे नाही नेलंस तरी चालेल पण मला आगाखान पॅलेसला ने, कस्तुरबांच्या समाधीला एकदा नमस्कार करायचाय. तिच्या लहानपणी घरात चरखा होता, तिचे वडील शेवटपर्यंत खादीच घालायचे, त्यामुळे तिच्या मनात ते फार आतलं आहे.

मी पुण्यात 14 वर्षं राहतेय आणि तिथे एकदाच गेलेय, ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन, आणि अर्ध्या तासात आम्ही बाहेर आलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीच कळलं नाही. पॅलेस म्हटल्यावर डोक्यात सिंहासन, तलवारी, झुंबरं असं काहीतरी होतं आणि आत बघितलं तर फोटो, चित्रं आणि एका खोलीत साधी गादी आणि बैठं डेस्क. पाहुणे म्हणाले बिल्डिंग छान आहे, लॉनवर फोटो काढले आणि निघालो. आता आईबरोबर असं व्हायला नकोय. लेक तर आत्ताच विचारतोय की आई, तिथे राजा कुठला राहायचा, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तर तो पॅलेस नक्की कुणाचा होता, मुलाला आधी काय सांगून न्यावं, आत काय थांबून बघावं, आईला चालणं झेपेल का, कोथरूडहून कसं जावं? आणि त्याच दिवशी शनिवारवाडा वगैरे पण होईल का? लेकाला "खऱ्या राजाचं घर" बघायचंय.

सकाळफेरी_कल्याणीनगर

ताई, मी जवळच राहतो आणि घरी कोणी पाहुणे आले की मीच घेऊन जातो त्यामुळे जायचं-यायचं मी सांगतो, इतिहास जाणकार सांगतील.

गाडी काढू नका. कोथरूडहून वनाझ-रामवाडी मेट्रो सरळ आहे, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी जे जवळ पडेल तिथून बसा आणि कल्याणीनगरला उतरा. स्टेशनला लिफ्ट आहे त्यामुळे आईंना जिने नाहीत. तिथून चालत जायच्या भानगडीत पडू नका, रिक्षा करा, काही मिनिटांचंच अंतर आहे. खूप जण विचारतात की मेट्रो नगर रोडने सरळ पॅलेसच्या दारावरून का नाही नेली. आधी तसाच मार्ग ठरला होता, पण पॅलेस राष्ट्रीय स्मारक आहे आणि संरक्षित स्मारकाच्या भोवती 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही, म्हणून मार्ग वळवून कल्याणीनगरमधून काढला. मला वैयक्तिक हे फार बरं वाटतं. त्या कमानींसमोर मेट्रोचे खांब आले असते तर बघवलं नसतं.

सकाळी उघडल्या उघडल्या जा. दहा-साडेदहानंतर शाळांच्या सहली यायला लागतात, पोरांचा दोष नाही पण त्या आवाजात तुमच्या आईंना समाधीपाशी शांतपणे बसता येणार नाही. म्हणून माझं मत, आत शिरलात की आधी मागे समाधीकडे जा, ऊन चढायच्या आत, आणि मग सावलीत आरामात संग्रहालय बघा. चालणं झेपेल. बघायच्या खोल्या खालीच आहेत, व्हरांड्यात चढायला थोड्या पायऱ्या, बाकी सपाट. पाण्याची बाटली आणि आईंना टोपी किंवा पदर डोक्यावरून, बस.

रिटायर्ड_मास्तर

पौडरोडवाली ताई, तुमच्या लेकाचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. 31 वर्षं इतिहास शिकवला आणि दरवर्षी एक तरी मूल हेच विचारायचं.

उत्तर असं की तिथे राज्य असलेला राजा कोणीच नव्हता. आगाखान म्हणजे निजारी इस्माइली मुसलमानांचे इमाम, त्यांचे धर्मगुरू. इंग्रजांनी त्यांना हिज हायनेस वगैरे मान दिला होता, श्रीमंती होती, घोडे होते, पण ज्याला संस्थान म्हणतात तसा मुलूख नव्हता. हा वाडा तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे सुलतान मुहम्मद शाह यांनी 1892 मध्ये बांधला. त्यांचा जन्म 1877 चा, वयाच्या सातव्या वर्षी गादीवर आलेले, म्हणजे वाडा झाला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. तुमच्या लेकापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा, हे त्याला जरूर सांगा, मुलांना वय सांगितलं की माणूस दिसायला लागतो. आसपासच्या गावांत दुष्काळाने हलाखी होती, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं असं सांगतात.

पण ताई, तो पॅलेस म्हणून बघायला गेलात तर परत अर्ध्या तासात बाहेर याल. तो तुरुंग म्हणून बघा. तुम्हाला जी साधी गादी दिसली ना, तीच तिथली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर "करेंगे या मरेंगे" झालं आणि 9 तारखेच्या पहाटे गांधीजींना उचललं. बरोबर त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, मीराबेन, सरोजिनी नायडू. त्यांना येरवड्याच्या जेलमध्ये न ठेवता या वाड्यात आणून ठेवलं आणि भोवती पहारा बसवला. कस्तुरबा आणि डॉक्टर सुशीला नय्यर यांना त्याच दिवशी संध्याकाळी मुंबईत अटक झाली आणि एक-दोन दिवसांत त्यांनाही इथेच आणलं. आणि 15 ऑगस्टला, म्हणजे येऊन आठवडाही झाला नव्हता, सकाळी महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय 50. पंचवीस वर्षं गांधीजींची सावली होऊन राहिलेला माणूस. गांधीजी त्यांना "महादेव, महादेव" अशा हाका मारत राहिले. मुलगा जवळ नव्हता म्हणून अंघोळ घालण्यापासून अग्नी देण्यापर्यंत सगळं बापूंनी स्वतः केलं, वडिलांच्या जागी असलेल्या माणसाने मुलाला अग्नी द्यावा तसं. वाड्याच्या आवारातच. पुढे बरोबर पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र झाला. आणखी एक गोष्ट, महादेवभाईंचा जन्म 1 जानेवारी 1892 चा. ज्या वर्षी हा वाडा उभा राहिला त्याच वर्षी जन्मलेला माणूस त्याच वाड्यात गेला. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची.

त्यानंतर 10 फेब्रुवारी ते 3 मार्च 1943 असा 21 दिवसांचा उपास याच घरात झाला. वय 73. बाहेर सगळ्या देशाचा जीव टांगणीला लागलेला. आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर होते, त्यांनी आणि आणखी दोघांनी राजीनामे फेकले, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

आणि मग बा. हृदय दुबळं झालेलं, त्यात ब्राँकायटिस, नंतर न्यूमोनिया. देवदासने, म्हणजे धाकट्या मुलाने, कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं. तेव्हा ते औषध इतकं नवीन होतं की सर्वसामान्यांना मिळायचंच नाही. पण ते दर काही तासांनी सुईने टोचायचं आहे हे कळल्यावर बापू नको म्हणाले, तिला आता त्रास देऊ नका. 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीची संध्याकाळ. बांचं डोकं बापूंच्या मांडीवर होतं. बासष्ट वर्षांच्या आसपासचा संसार. बापूंनी स्वतः कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारीच दहन केलं. बा तेव्हा 74 वर्षांच्या होत्या, तुमच्या आईंच्या वयाच्या.

आता मी वरच्या सकाळफेरी साहेबांशी एका बाबतीत सहमत नाही. समाधी आधी बघू नका, शेवटी बघा. कारण असं की महादेवभाई गेल्यावर बापू रोज त्या खोलीतून निघून चालत त्यांच्या समाधीपाशी जायचे, फुलं ठेवायचे, प्रार्थना करायचे आणि परत यायचे. दीड वर्षाने तिथे दोन समाध्या झाल्या आणि सुटका होईपर्यंत हे चालूच राहिलं. म्हणून आधी ती खोली बघा, दारात थोडं उभे राहा, आणि मग तिथून निघून समाधीपर्यंत चालत जा. दुसरं काही नाही केलंत तरी चालेल. तेवढं चालणं म्हणजेच ते ठिकाण.

वीकेंड_ट्रेकर

मस्त माहिती मास्तर. पुणे करार पण इथेच झालेला ना? गांधी आणि आंबेडकरांचा? तो फलक कुठे आहे, मला सापडला नव्हता.

रिटायर्ड_मास्तर

नाही हो, म्हणून सापडला नाही. पुणे करार 24 सप्टेंबर 1932 चा आणि तो येरवडा तुरुंगात झाला, खऱ्या तुरुंगात. दोन्ही ठिकाणं जवळ आणि दोन्हीकडे गांधीजी कैदेत, त्यामुळे खूप जणांची गल्लत होते. मधे दहा वर्षांचं अंतर आहे. तसं बघितलं तर गांधीजींचं पुणं हा वेगळाच विषय आहे, 1924 साली ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन, 1944 ला आगाखानमधून सुटल्यावर येरवड्याच्याच टेकडीवर पर्णकुटीत मुक्काम. पण ताईंचा धागा भरकटायला नको.

पेठेतला_वाडेवाला

ताई, दोन्ही एका दिवसात कोंबू नका, हात जोडून सांगतो. आईंना आगाखानमधून बाहेर आल्यावर लगेच शनिवारवाड्याच्या उन्हात उभं करू नका. त्यांना तो दिवस त्यांचा राहू दे.

लेकाला खऱ्या राजाचं घर बघायचंय ना, मग दुसऱ्या दिवशी फक्त पेठेत या. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि तट दाखवा, मुलांना तो दरवाजा आणि त्याचे खिळे फार आवडतात, पण आतला वाडा 1828 च्या आगीत गेला, आता जोती आणि हिरवळ. मुलं आत गेली की विचारतात राजवाडा कुठे. त्यापेक्षा बाजीराव रोडवरच्या विश्रामबागवाड्यात न्या. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, 1807 च्या सुमाराचा, लाकडी सज्जा, वर नक्षी, आत सुरूचे खांब. रस्त्यावरून रोज लाखभर माणसं जात असतील पण वर मान करून बघणारा एखादाच. मी लहानपणापासून त्याच्या समोरून शाळेत गेलोय आणि अजूनही त्या सज्जाखाली आलो की चाल आपोआप हळू होते.

पेशवा तिथे जेमतेम दहा-अकरा वर्षं राहिला. 1818 ला राज्य गेलं आणि त्याला बिठूरला पाठवलं. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. 1879 ला आग लागली, काही भाग जळाला, लोकांनी वर्गणी काढून तो परत उभा केला. मग पालिकेचं ऑफिस, खाली पोस्ट, आता आत जुन्या पुण्याचं प्रदर्शन. पेशव्याच्या दिवाणखान्यात पोरं संस्कृतचे श्लोक घोकत होती आणि नंतर त्याच घरात कारकून पाणीपट्टीच्या फायली बघत होते, वाड्याला इतकी आयुष्यं मिळालेली कमी वेळा बघायला मिळतात. म्हणून तो वाचला असं मला मनापासून वाटतं. जो वाडा कोणी वापरला नाही तो पडला. आमच्या आळीतले चार वाडे माझ्या डोळ्यांदेखत गेले, मालक-भाडेकरूंच्या भांडणात छप्पर गळत राहिलं आणि एका पावसाळ्यात भिंत आत आली. असो.

आणि तुम्ही कोथरूडच्या म्हणून आवर्जून सांगतो, तिथून चालत शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय आहे. मस्तानीचा महाल मूळचा तुमच्या कोथरूडचा. तो पडायला आला तेव्हा दिनकर केळकरांनी त्याचे भाग आणून संग्रहालयात परत उभा केला. लेकाला सांगा, आपल्या इथली मस्तानी इथे राहायला आली.

खादीवाली_मीनल

एक छोटीशी सूचना. मुलाला नेताना सगळे फलक वाचायला लावू नका. माझ्या मुलीला मी तसं केलं आणि ती दुसऱ्या दालनात कंटाळली, फलकावर अक्षर बारीक आणि मजकूर भरपूर. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा तिला फक्त तीन वस्तू शोधायला सांगितल्या, चरखा, चपला आणि भांडी. तिने त्या शोधल्या आणि मग स्वतःच विचारायला लागली की एवढ्या मोठ्या घरात एवढ्याच वस्तू का. मला त्या दिवशी फार काही बोलावंच लागलं नाही.

आणि घर आता सरकारकडे कसं आलं हेही सांगा त्याला. 1969 मध्ये, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी तो पूर्ण वाडा देशाला देऊन टाकला. नगर रोडवरची एवढी मोठी जागा. 2003 ला राष्ट्रीय स्मारक झालं. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही तिथे ठेवलेला आहे, आईंना नक्की सांगा, समाधीच्या भागातच आहे.

पौडरोडवाली

सगळ्यांचे खूप आभार. काल जाऊन आलो, म्हटलं आल्या आल्या लिहावं.

मेट्रोने गेलो, आईला मेट्रोच फार आवडली, नदीवरून जाताना खिडकीला चिकटून बसली होती. साडेनऊच्या आत पोचलो, गर्दी अजिबात नव्हती. मास्तरांचं ऐकलं, आधी खोली मग समाधी.

मेट्रोतच लेकाला मी सगळं सांगितलं होतं, पंधरा वर्षांचे आगाखान, मग अटक, मग महादेवभाई. मीनलताईंच्या तीन वस्तू पण दिल्या. तर तो व्हरांड्यात शिरल्या शिरल्या कमानी बघून म्हणाला की हा तुरुंग वाटतच नाही, आणि आईने, मी काही बोलायच्या आत, त्याला सांगितलं की बाळा, बाहेर जाता येत नाही ना, मग घर कितीही मोठं असू दे. मी तिथे नुसती उभी राहिले.

खोलीच्या दारापाशी आई बराच वेळ थांबली. मागे दोन-तीन जण आले, बघून पुढे गेले, ती तिथेच. मला म्हणाली आमच्या घरी अण्णांचं डेस्क असंच होतं, त्याच्यावर शाईचा डाग होता. मी 42 वर्षांची आहे आणि त्या डेस्कबद्दल पहिल्यांदा ऐकलं. मग ती अण्णांबद्दल बोलायला लागली ते थांबलीच नाही, पहाटे चरखा चालायचा तो आवाज, सूत तुटलं की ते कसे चिडायचे नाहीत, आणि गांधीजी गेल्याची बातमी आली त्या दिवशी चूल पेटली नाही असं तिच्या आईने तिला सांगितलेलं. ती स्वतः तेव्हा जन्मलेलीही नव्हती पण सांगताना असं सांगत होती की जणू बघितलंय.

मग खोलीपासून समाधीपर्यंत चालत गेलो. लेक पावलं मोजत होता, मध्येच चुकला, तर परत मागे खोलीपर्यंत पळत गेला आणि पहिल्यापासून मोजायला लागला. आई हळूहळू माझा हात धरून. समाधीपाशी तिने सोलापूरहून येताना घरच्या जाईची फुलं आणली होती, सुकलेली, रुमालात बांधलेली, मला माहीतच नव्हतं. अर्धी बांना आणि अर्धी महादेवभाईंना. मला वाटलं होतं ती फक्त बांच्या पाया पडेल, पण मास्तर, तुम्ही लिहिलेलं मी तिला आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं, ती म्हणाली त्या पोराची आई नव्हती ना तिथे. मला रडू आवरलं नाही.

लेकाने परत येताना एकच गोष्ट धरून ठेवली, पेनिसिलिन होतं तर दिलं का नाही. मी म्हटलं बापूंना वाटलं आता त्रास नको. तो म्हणाला मी दिलं असतं. आई म्हणाली, मीसुद्धा. रात्री जेवतानाही त्यांचं दोघांचं तेच चाललं होतं.

वाडेवाले दादा, तुमचंही ऐकलं, शनिवारवाडा त्या दिवशी केलाच नाही. आता येत्या गुरुवारी विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय करायचं ठरवलंय, लेकाला मस्तानीचा महाल बघायचाय. सकाळी किती वाजता यावं? आणि आईला बसायला आसपास कुठे सोय आहे का?

पेठेतला_वाडेवाला

वाचून फार बरं वाटलं ताई. गुरुवारी दहा-सव्वादहाला या, बाजीराव रोडला वाहनं तुंबायच्या आत. आईंना आधी समोरच्या फुटपाथवर उभं करून सज्जा दाखवा, मग रस्ता ओलांडा. विश्रामबागवाड्यात वरच्या मजल्याचे जिने लाकडी आणि जरा उभे आहेत, गुडघ्यांना त्रास वाटला तर त्यांना खालीच चौकात बसू दे, खांब तिथूनही छान दिसतात. केळकर संग्रहालय मजल्यांचं आहे पण मस्तानी महालापुरतं गेलात तरी पुष्कळ. मी त्या वेळी तिकडेच असतो, इथे निरोप टाका, लेकाला आग कुठपर्यंत आली होती ते मी दाखवतो.

रिटायर्ड_मास्तर

ताई, नातवाला आणि आजीला सांगा, देवदासनेही तेच म्हटलं होतं. त्यावरून त्याने वडिलांशी वाद घातला होता.